मार्चमधलं माथेरान, फक्त मधल्या वारांचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगते, हा रिव्ह्यू सोमवार ते गुरुवारच्या माथेरानचा आहे. शनिवार-रविवारी जाणाऱ्यांना याचा काही उपयोग नाही, वीकेंडला तिथे बाराही महिने सीझनच असतो, मुंबई-ठाणे-कल्याण सगळं तिकडे लोटतं. पण होळी उरकली की एप्रिलच्या सुट्ट्या लागेपर्यंत मधल्या वारी गाव अगदी मोकळं असतं. पोरांच्या परीक्षा, ऑफिसवाल्यांचं मार्च एंडिंग, धबधबे आटलेले, थंडी गेलेली, मग जाणार कोण? तर रिटायर झालेली मी आणि माझी नेरूळची नणंद. मी अख्खी नोकरी बँकेत काढली, मार्चमध्ये सुट्टी हा प्रकारच माहीत नव्हता, त्यामुळे मार्चमध्येच जायचं हा माझा हट्ट होता. नणंद म्हणाली, वहिनी, उन्हाचं कुठे डोंगरावर, मी म्हटलं अगं उन्हासाठीच तर इंग्रजांनी तो शोधला, तोही आपल्या ठाण्याच्या कलेक्टरने, ह्यू मॅलेट म्हणून होता, १८५० च्या मे महिन्यात चढून गेला होता. म्हणजे आता गाव रायगडच्या कर्जत तालुक्यात असलं तरी पहिला हक्क ठाणेकरांचा, असं मी तिला ऐकवलं, तिने नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

हॉटेलचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि माणसं चांगली होती. बाजारापासून थोडं आत, झाडीत, जुना बंगला, पुढे लांब व्हरांडा, मागे नंतर बांधलेल्या रूम्स, माथेरानला असली हॉटेलं बरीच आहेत, तुम्हाला चित्र आलंच असेल डोळ्यासमोर. ऑनलाइन जो रेट दिसत होता तो बघून मी फोनच केला, आणि हा माझा पहिला सल्ला, ऑफ-सीझनला फोनच करा. मोबाईलवर एका रात्रीचे साडेचार हजार दिसत होते, फोनवर मॅनेजर म्हणाला ताई किती जण, मी म्हटलं दोघी, म्हणाला दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा धरून अडीच हजार द्या, दोघींचे मिळून. मी एक शब्दही घासाघीस केली नव्हती. वर म्हणाला, पण एक सांगून ठेवतो, काम चालू आहे थोडं. या "थोडं"वर नंतर येते.

जायचं म्हणाल तर मधल्या वारी सकाळी ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडण्यासारखं सुख नाही. समोरच्या प्लॅटफॉर्मवर सीएसटीकडे जाणारी गर्दी दाराला लटकतेय आणि आपण उलट्या दिशेला खिडकीत बसून, पाय पसरून. नणंद ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आली, तिथून दोघी एकत्र. बदलापूर सुटलं की बाहेर बघायला लागा, वांगणीच्या पुढे रुळाकडेला पळस पेटलेला असतो, मधेच एखादा पांगारा, पान एक नाही नुसती लालभडक फुलं, आणि त्यावर कावळे, साळुंक्या यांची ही गर्दी. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलात तर नेरळ येईपर्यंत काही दिसणार नाही.

नेरळहून वर जायला दोन मार्ग, शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, त्याच्या पुढे गाड्या जात नाहीत, नाहीतर मिनी ट्रेन. सीझनला ट्रेनचं तिकीट मिळवणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आम्हाला मिळालं, जागाही खिडकीची मिळाली, डब्यात आमच्याशिवाय एक गुजराती आजी-आजोबा, दोन कॉलेजची मुलं आणि एक माणूस ज्याने बसल्या बसल्या झोप काढली ती थेट वर पोचेपर्यंत. गाडी अडीच तासांच्या वर घेते एकवीस किलोमीटरला, त्यामुळे घाई असेल तर टॅक्सीच. पण घाई असलेल्या माणसाने मार्चमध्ये माथेरानला जावंच कशाला. रूळ दोन फुटी, वळणं अशी की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याकडे तोंड करून येताना दिसतं. आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला आणि त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन पीरभॉयने, १९०४ ते १९०७ मध्ये ही लाईन बांधून काढली, सोळा लाख रुपये खर्च आला होता त्या काळात. मधे २००५ च्या पावसात ती वाहून गेली, नंतरही दोनदा मोठी बंद पडली आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत नेरळपासून वरपर्यंत चालू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज, म्हणजे दस्तुरीजवळचं स्टेशन, बंदच ठेवतात, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. म्हणजे पूर्ण घाट गाडीने बघायचा, बसायला जागा हवी आणि कडेला फुलं पण हवीत, तर हे मधले आठवडेच उरतात. जुम्मापट्टी, वॉटर पाईप अशी नावं मागे पडतात, वन किस नावाचा बोगदा येतो, एवढासा आहे, नाव वाचून नणंद लाजली, साठीला आलीये. मधे कोशिंबाची झाडं लागली, नवीन पालवी इतकी लाल की आधी मला फुलंच वाटत होती, त्या आजोबांनी सांगितलं पानं आहेत ती.

वर पोचल्यावर जाणवतं ते आवाज नसणं, हे सगळेच लिहितात, गाड्यांना बंदी आहे वगैरे, त्यात मी भर घालत नाही. आमच्या घोडबंदरला मेट्रोचं काम, डंपर, रात्री दोनला हॉर्न, त्यामुळे कानाला फरक पडतोच. मला लिहायचंय ते वेगळं आहे. ऑफ-सीझनला लोक स्वस्त पडतं म्हणून जा म्हणतात, ते खरंच आहे, पण खरा फायदा हा की माणसं मोकळी असतात. मॅनेजर मोकळा, वेटर मोकळे, चिक्कीवाला मोकळा. मे महिन्यात तुम्ही त्यांच्यासाठी रूम नंबर असता. मार्चमध्ये ते विचारतात तुमचं गाव कोणतं, ठाण्यात कुठे, मग त्यांचा कोणी भाऊ कळव्याला असतोच.

जेवणाचं उदाहरण देते म्हणजे कळेल. पहिल्या दिवशी दुपारी मेनू कार्ड आलं, आठ पानी, पनीर लबाबदार, व्हेज मंचुरियन, सगळं. वेटर कार्ड हातात देऊन म्हणाला, यातलं काय नाही ते सांगू की काय आहे ते सांगू? आम्ही म्हटलं काय आहे ते सांग. तर म्हणे वरण-भात, चपाती, बटाट्याची भाजी आणि मग जरा थांबून, काका आमच्यासाठी फणसाची करतायत ती हवी तर देतो. मी उठून सरळ किचनच्या दारात गेले. सीझनला कुणी जाऊ दिलं असतं का? काका खाली पाटावर बसून कुयरी चिरत होते, कोवळा फणस, नारळाएवढा, हाताला आणि विळीच्या पात्याला आधी तेल लावलेलं, तरी चीक बोटांना धाग्यासारखा चिकटून येत होता, तो ते मधून मधून वर्तमानपत्राला पुसत होते. सालं काढून फोडी हळदीच्या पाण्यात, मग वाफवून ठेचायची, फोडणीला भरपूर लसूण, सुकी मिरची आणि ओलं खोबरं वरून. मी विचारलं मसाला काय, म्हणाले काही नाही, फणसाला मसाला घातला तर फणस कुठला. तांदळाची भाकरी आणि ती भाजी, आणि वर कैरीचं ताजं करकरीत लोणचं, अर्ध्या तासापूर्वी कालवलेलं. नणंद माशांशिवाय जेवत नाही, तीसुद्धा दुसरी भाकरी मागून बसली. त्यानंतर आम्ही मेनू कार्ड परत उघडलंच नाही, रोज सकाळी विचारायचो स्टाफला आज काय, तेच आम्हाला. एका रात्री पिठलं, एका दुपारी सुकट आणि वाल. पनीर लबाबदार खायचं असेल तर ते ठाण्यात प्रत्येक कोपऱ्यावर मिळतं.

आता "थोडं काम". स्विमिंग पूल रिकामा, त्यात दोन माणसं उतरून भेगा भरतायत. आमच्या शेजारच्या दोन रूम्सना रंग चालू, ऑइल पेंटचा वास पहिल्या रात्री चांगलाच डोक्यात गेला, दुसऱ्या दिवशी सांगून रूम बदलून घेतली, लगेच दिली, रिकाम्याच होत्या. आणि सुतार. सकाळी साडेआठला त्याचा रंधा सुरू व्हायचा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद, मग परत चारपर्यंत ठोकाठोक, मे महिन्याच्या आत सगळी दारं-खिडक्या बसवायच्यात म्हणून. हे सगळ्याच हॉटेलांचं असतं बरं का, दुरुस्तीला त्यांना हेच दिवस मिळतात, पावसाळ्यात काही करता येत नाही आणि सीझनला फुरसत नाही. तेव्हा बुकिंग करताना स्पष्ट विचारा की काम कोणत्या बाजूला चालू आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाची रूम मागा. नुसतं शांतता आहे का विचारलंत तर हो म्हणणारच.

गिझरची तक्रार खरी आहे. नवीन रूममधला गिझर लाईट दाखवायचा आणि पाणी कोमट. सांगितल्यावर इलेक्ट्रिशियन नेरळहून उद्या येईल असं उत्तर मिळालं, तो उद्या काही उगवला नाही. पण मागच्या अंगणात लाकडावरचा तांब्याचा बंब होता, सकाळी सहाला दारात दोन बादल्या कढत पाणी, त्याला तो धुराचा वास, लहानपणी माहेरी होता तसा. नणंदेला फार आवडलं. मला पण, तरी मी म्हणेन की पैसे घेताय तर गिझर चालू पाहिजे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने बादलीला वाकायचं कसं.

फिरण्याबद्दल. दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका, उंची जेमतेम आठशे मीटर आहे, महाबळेश्वर समजू नका, ऊन लागतं आणि लाल धूळ उडते, पांढरे बूट घातलेत तर ते पांढरे राहणार नाहीत. पहाटे आणि संध्याकाळ आपली. आम्ही लुईझा पॉइंट, एको, शार्लोट लेक, पिसरनाथाचं देऊळ असं पायीच केलं, हळूहळू, बसत बसत. लेकचं पाणी गावाला प्यायला जातं, तेव्हा पाय घालून बसू नका, पाटी आहे तरी लोक बसतातच. पाण्याची रेषा खाली गेलेली, काठ उघडा पडलेला, पावसाळ्यातले फोटो बघून जाणाऱ्याला वाईट वाटेल.

आणि पॉइंटवरून दिसतं का? तर अर्धंच. मार्चमध्ये हवा धुरकट असते, प्रबळगड समोर करड्या पट्टीसारखा, त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका ओळखू येतो कारण तो सुळका आहे म्हणून. पॅनोरमा पॉइंटला सकाळी लवकर गेलात तर थोडं बरं, पण तो बाजारापासून लांब आहे, चालायची तयारी हवी. कड्यावरून दरीचे फोटो काढायलाच जायचं असेल तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात जा. रात्री पश्चिमेच्या कड्यावर मात्र पनवेल-नवी मुंबईकडचे दिवे दिसतात, नणंद आमचं नेरूळ कुठे म्हणून मोबाईलवर नकाशा उघडून दिशा जुळवत बसली होती. जाताना बॅटरी न्या, रस्त्याला दिवे आहेत नाहीत असेच आहेत, आणि माणूस भेटत नाही.

दूरचं दिसत नाही म्हणून जवळचं बघितलं जातं, आणि जवळचं या महिन्यात भरपूर आहे. अंजनी फुललेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माथेरानच्या रस्त्याला जी गर्द हिरव्या जाड पानांची झाडं असतात त्यात अंजनी पुष्कळ, एरवी कुणी वळून बघत नाही. मार्चमध्ये पान सोडून फांदीच्या सालीलाच बारीक निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात, फांदीच्या फांदी निळी. जवळ जाऊन बघितलं तर एकेक फूल टाचणीच्या डोक्यापेक्षा जरासं मोठं, आतून बारीक दांड्या बाहेर आलेल्या, मधमाश्यांचा नुसता घूं आवाज, आणि खाली लाल मातीवर निळा सडा. लुईझाकडे जाताना एका वळणावर आम्ही तिथेच बसलो, पॉइंटवर पोचायला उशीर झाला, सूर्य काय रोजच बुडतो. वरती कुटुर्गा पक्षी कुटूर कुटूर करत होता तो थांबेचना, एक थकला की दुसरा. करवंदाच्या जाळ्यांना पांढरी फुलं होती, वास छान, करवंदं खायची तर मे. वाटेत खालच्या वाडीतून चढून आलेली एक बाई बसली होती, टोपलीत कैऱ्या, तिखट-मीठ लावून दहाला एक. सकाळी कधी निघालात विचारलं तर म्हणे उजाडायच्या आत. ती रोज चढून येते, गिऱ्हाईक असो नसो.

ऑफ-सीझनची मजा करताना हे पण डोळ्यासमोर राहतं. दस्तुरीला आणि बाजारात घोडेवाले उभे असतात आणि टुरिस्ट मोजकेच, मग सगळे तुमच्याच मागे. मॅडम घोडा, ताई घोडा, बारा पॉइंट, सात पॉइंट, नाही म्हटलं की शंभर पावलं सोबत येतात. सीझनला हा त्रास सगळ्यांत वाटला जातो, मार्चमध्ये पूर्ण तुमच्या वाट्याला येतो, हे धरून चाला. चिडू नका. एकाने सांगितलं, दिवसभरात एक फेरी झाली तर घोड्याच्या चाऱ्याचे सुटतात. त्याचा घोडा आम्हाला नकोच होता कारण दोघींचे गुडघे, पण नणंदेची पिशवी स्टेशनपर्यंत न्यायचं त्याला परतीला सांगितलं आणि मागितले तेवढे दिले. कमी करून मागायचे तर मे महिन्यात मागा, जेव्हा त्याच्याकडे रांग असते. अर्थात मे महिन्यात तो कमी करणार नाही, ते वेगळं. ई-रिक्षा पण आहेत, मिळाली तर बसा, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हॉटेलवाल्याला आधीच विचारून ठेवा, दस्तुरीपासून बाजार अडीच-तीन किलोमीटर आहे आणि बॅगा घेऊन ते अंतर जाणवतं.

माकडं. गर्दी नसते म्हणून खायला घालणारे पण नसतात, त्यामुळे ती हॉटेलात येतात. व्हरांड्यात चहाबरोबर बिस्किटं आली की एकीने काठी घेऊन बसायचं आणि दुसरीने खायचं, अशी आमची ड्यूटी लागलेली. खिडकीला जाळी आहे का बघूनच रूम घ्या, आमची पहिली रूम त्याच्यामुळे पण बाद होती.

बाजारात निम्मी दुकानं दुपारी बंद. चिक्कीची उघडी होती, एका ठिकाणी आमच्यासमोर गुळाचा पाक कढईत चढवला, शेंगदाणे टाकले, तेल लावलेल्या ओट्यावर लाटून गरम गरमच कापली, तो तुकडा तोंडात टाकला तेव्हा दात वाचले हे नशीब. मे महिन्यात तीच चिक्की पाकिटातली मिळते, कधी केली ते विचारायचं नाही. चामड्याच्या चपला घेतल्या, एक जोड लागत होती ती त्याने बसल्या जागी पट्टा उसवून परत शिवून दिली. रोख पैसे थोडे जवळ ठेवा, स्कॅनर सगळीकडे आहेत पण नेटवर्क मनाला येईल तेव्हा.

कुणी जाऊ नये तेही सांगते. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर नको, पूल रिकामा, गेम्सवाले बंद, दुसऱ्या दिवशी कंटाळतील. धबधबे, ढग, धुकं हवं त्यांनी नको. ज्यांना रात्री अकराला उठून काहीतरी मागवायची सवय आहे त्यांनी तर नकोच, इथे साडेनऊला किचन बंद, मॅनेजर स्वतः जेवून व्हरांड्यात आडवा. बाकी पुस्तक वाचणारे, पक्षी बघणारे, नुसतं बसता येतं असे लोक, सासर-माहेरचं वर्षभराचं बोलून घ्यायचंय अशा नणंदा-भावजया, यांनी डोळे मिटून जावं. जाण्याआधी होळी-धुळवड आणि गुढीपाडवा कोणत्या वारी आलाय ते बघा, लागून वीकेंड आला की परत तीच गर्दी.

माझ्याकडून पाचात चार. गिझर आणि रंगाचा वास यांचा एक कापला, सुताराचा कापला नाही कारण मॅनेजरने कामाचं आधी सांगितलं होतं. चेकआऊटला बिल बघितलं तर फणसाची भाजी, सुकट, कैरीचं लोणचं यातलं काही लावलेलं नाही, मॅनेजर म्हणाला ते स्टाफच्या जेवणातलं, त्याचा रेटच नाही आमच्याकडे. मग ते पैसे मी किचनमध्ये जाऊन काकांच्या हातात दिले. सकाळच्या दुसऱ्या चहाचे मात्र बरोबर लावले होते, प्रत्येकी वीस.